बाथरूममधली रस्टिक शिडी

"रस्टिक म्हणजे गावठीच ना?" असं मी बायकोला विचारलं आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. आमच्या घरात प्रश्न विचारणाऱ्याला त्या विषयात रस आहे असं धरलं जातं.

ती मला फोनवर फोटो दाखवत होती. लहान बाथरूमसाठी लाकडी मांडण्या. एका फोटोत खडबडीत फळ्या दोरांनी टांगल्या होत्या, दुसऱ्यात फळांची रिकामी खोकी भिंतीला ठोकली होती, तिसऱ्यात एक जुनी शिडी नुसती भिंतीला टेकवून तिच्या पायऱ्यांवर टॉवेलांच्या गुंडाळ्या ठेवल्या होत्या. प्रत्येक फोटोत एक काचेची बरणी आणि त्या बरणीत एक हिरवी फांदी. साबण मात्र कुठेच नव्हता. त्या बाथरुमांमध्ये कधी कोणी आंघोळ केली असेल असं वाटत नव्हतं.

"गावठी नाही, रस्टिक," ती म्हणाली. "दुसरं परवडत नाही म्हणून असतं ते गावठी. परवडत असून केलेलं असतं ते रस्टिक."

आमच्या बाथरूममध्ये एका वेळी एक माणूस तरी मावतो किंवा दोन बादल्या. दार आत उघडतं. बेसिनपाशी कोणी असेल आणि बाहेरून दार उघडलं, तर आतल्या माणसाला पोट आत घेऊन कमोडच्या बाजूला सरकावं लागतं. वस्तू ठेवायला जागा म्हणजे खिडकीची एक पट्टी. तिच्यावर शाम्पू, तेल, कात्री, घासणी आणि तळाशी अर्धा इंच काहीतरी उरलेल्या अनेक बाटल्या अशा उभ्या असतात, की एकीला हात लावला तर बाकीच्या घाबरून खाली उड्या मारतात. पण हे सगळं गेली कित्येक वर्षं असंच चाललं होतं. मांडणी नसल्यामुळे आम्ही कोणी अस्वच्छ राहिलो नव्हतो.

खरं कारण होतं बाबा. म्हणजे माझे सासरे.

गेल्या वर्षी सासूबाई गेल्यानंतर बाबा आमच्याकडे आले. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयातून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे, कमालीचे सभ्य गृहस्थ. ते आमच्या घरात इतके जपून राहत, की मलाच माझ्या घरात मोठ्याने जांभई द्यायची चोरी झाली होती. दाढीचा ब्रश, साबणाची वाटी, रेझर, कंगवा हे सगळं एका प्लास्टिकच्या थैलीत घालून ते बाथरूममध्ये नेत आणि पुन्हा थैलीत घालून परत आणत. लॉजवर उतरल्यासारखे. बॅग अजून पलंगाखाली भरलेलीच होती. गावचं त्यांचं घर भाड्याने मागणारं एक कुटुंब सारखे फोन करत होतं आणि बाबा त्यांना "रविवारी सांगतो" म्हणाले होते.

"ते परत जायच्या विचारात आहेत," बायको म्हणाली. "विचारलं तर म्हणतात, तुमची गैरसोय नको. अरे, ज्या घरात माणसाचा दाढीचा ब्रश ठेवायला जागा नाही, तिथे तो राहील कशाला? आणि तिकडे एकटे असताना पडले-बिडले तर?"

हा शेवटचा मुद्दा तिने मुद्दाम काढला. मी विमा कंपनीत दावे विभागात आहे. माणूस घरातल्या घरात कुठे, कसा आणि कशावरून पडू शकतो, हे वाचण्यात माझी उमेदीची वर्षं गेली आहेत. लोकांना डोंगरकड्याची भीती वाटते. मला बाथरूममधल्या पायपुसण्याची वाटते. बाबा एकटे, फरशी ओली, दार आतून लावलेलं, हे चित्र तिने माझ्यासमोर उभं केलं आणि स्वतः ऑफिसच्या प्रशिक्षणाला दुसऱ्या गावी निघून गेली. "रविवारी संध्याकाळी येते," दारातून वळून म्हणाली, "तोवर होईल ना?"

होईल, असं मी म्हणालो. या शब्दाची भरपाई कुठल्याही पॉलिसीत मिळत नाही.

शनिवारी सकाळी पहिल्यांदा सेक्रेटरींकडे गेलो. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी पूर्वी कुठल्यातरी खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते आणि खातं सुटलं तरी हुद्दा त्यांच्याकडेच राहिला आहे. भिंतीला भोकं पाडायची आहेत, म्हटल्यावर त्यांनी चष्मा लावला. ऐकायला चष्मा लावणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

"बाथरूमची भिंत कुठली? बाहेरची, मधली की सामाईक?"

"बेसिनच्या वरची."

"म्हणजे सामाईक. सामाईक भिंतीला ड्रिल करायचं तर कमिटीची मंजुरी लागते. कमिटी महिनाअखेर बसते."

"आणि खिळा ठोकला तर?"

"खिळ्याबद्दल नियम आहे, पण तो कॅलेंडरच्या खिळ्याबद्दल आहे. तुमचा मांडणीचा खिळा. मांडणीच्या खिळ्याला कॅलेंडरचा नियम लावला, तर उद्या प्रत्येक जण कॅलेंडरच्या नावाखाली मांडण्या लावेल."

हा धोका मला एरवी कधी सुचला नसता. मी हळूच विचारलं, "आणि नुसती टेकवली तर?"

सेक्रेटरींनी बराच विचार केला. चष्मा काढला. "टेकवा," ते म्हणाले. "टेकवण्याला नियम नाही."

म्हणून शिडी ठरली. नाहीतर माझी पसंती टांगलेल्या फळ्यांना होती, हे इथे नोंदवून ठेवतो.

लाकडाच्या वखारीत जुनं लाकूड मागितलं तेव्हा वखारवाल्याने मला एकदा खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "घरात लावायला हवंय की दाखवायला?"

"बाथरूममध्ये. रस्टिक."

"मग भोकंवालं घ्या. तेच जातंय हल्ली. पूर्वी भोकं दिसली की लोक भाव पाडायचे, आता भोकं मोजून घेतात."

भोकंवाल्या लाकडात राहणारे कोण असतात, ते आपल्याबरोबर घरी येतात का आणि आले तर आमच्या पलंगाविषयी त्यांचं काय मत होईल, हे सगळे प्रश्न मला त्याच क्षणी पडले. मी बिनभोकाचं घेतलं. शाळेतल्या मोडलेल्या बाकांच्या फळ्या होत्या, आणि उभ्या दांड्यांसाठी कुठल्यातरी जुन्या चौकटीच्या दोन लांब पट्ट्या. एका फळीवर कोणीतरी करकटकाने खोल 'ढ' कोरला होता. अक्षर सुरेख होतं. तो फुकटचा रस्टिकपणा आहे, असं वखारवाला म्हणाला.

लाकूड घरी आणणं हा एक स्वतंत्र प्रवास झाला. आमच्या लिफ्टमध्ये मी मावत होतो किंवा पट्ट्या. पट्ट्यांना बटण दाबता येत नसल्यामुळे आम्ही जिन्याने निघालो. आमच्या जिन्याचं प्रत्येक वळण असं आहे, की लांब वस्तू फिरवली की तिचं मागचं टोक बरोबर कोपऱ्यातल्या घराच्या घंटीवर बसतं. प्रत्येक मजल्यावर घंटी वाजली, प्रत्येक मजल्यावर दार उघडलं, आणि प्रत्येक दाराने मला सल्ला दिला. एक म्हणालं, बाथरूममध्ये लाकूड म्हणजे वाळवीला आमंत्रण. एक म्हणालं, आमच्या मेव्हण्याने असंच केलं होतं. पुढे मेव्हण्याचं काय झालं हे काही सांगेना, नुसतं मान हलवत राहिलं. तिसऱ्या दाराने प्लास्टिकचं घ्यायला सांगितलं आणि एका घरातल्या आजींनी मला हात वर करायला लावून माझी माप घेतल्यासारखी पाहणी केली आणि म्हणाल्या, "तुम्हाला जमणार नाही हो, पण करा."

आमच्या समोरच्या घरात हत्यारवाले काका राहतात. त्यांच्याकडे जगातलं प्रत्येक हत्यार आहे आणि प्रत्येकाबरोबर एक अट आहे. करवत मिळते, पण ओल्या हाताने धरायची नाही. हातोडा मिळतो, पण रात्री परत. मी मागायच्या आधीच ते पेटी घेऊन दारात उभे होते, कारण जिन्यातल्या घंट्या त्यांनीही ऐकल्या होत्या.

काकांच्या देखरेखीखाली शनिवारची दुपार गेली. मी ठोकत होतो, काका "अं हं" म्हणत होते. मधेच बाबा खोलीतून बाहेर आले. थोडा वेळ उभे राहून पाहत होते. मग म्हणाले, "जावईबापू, मी ते टोक धरू का? हलतंय ते."

"नको नको, तुम्ही बसा बाबा," मी म्हणालो. "धूळ आहे इथे."

"धुळीचं काही नाही."

"खरंच बसा. चहा हवाय का?"

"चहा झालाय मघाशी," असं म्हणून ते आत गेले. खोलीचं दार त्यांनी आवाज न करता लावलं.

शिडी उभी राहिली. खाली रुंद, वर अरुंद, मधे बाकाच्या फळ्यांच्या पायऱ्या. बेसिनशेजारच्या भिंतीला, म्हणजे बरोबर दारासमोर, तिला टेकवली तेव्हा ती फोटोतल्यासारखी दिसली. निदान फोटो लांबून पाहिल्यावर दिसतो तशी. 'ढ' मी भिंतीकडे वळवला.

"पायांना खालून रबर लाव," काका म्हणाले. "माझ्याकडे आहे. सायकलच्या ट्यूबचं."

मी फोनवर फोटो काढून पाहिला. फोटोत रबर नव्हतं. काळं सायकलचं रबर आणि हिरवी फांदी एका चित्रात बसेना. ज्याने आयुष्यभर इतरांचे अपघात तपासले, त्याने ओल्या फरशीवर तिरकी टेकवलेली शिडी बिनरबराची ठेवली, हे मी कोणत्याही दाव्यात वाचलं असतं तर वर लाल शाईने "निष्काळजीपणा" असा शेरा मारला असता. त्या दिवशी मी म्हणालो, "काका, नंतर बघू."

रात्री बाबांना मांडणी दाखवली. मधली पायरी तुमची, म्हटलं. त्यांनी थैलीतून ब्रश काढला, वाटी काढली, पायरीवर ठेवली, आणि थैलीची घडी घालून खिशात टाकली. फार काही बोलले नाहीत. "छान आहे," म्हणाले. मला रात्रभर शिडीच्या घसरण्याचे वेगवेगळे आवाज ऐकू येत होते. उठून पाहावं तर शिडी जागच्या जागी. शेवटी मी स्वतःला बजावलं, की चिंता हा माझा व्यवसाय आहे, घरी करायची नाही.

रविवारी सकाळी मी स्वयंपाकघरात दूध तापवत होतो. बाबा दाढीला गेले होते. आतून आधी घसरल्याचा आवाज आला, मग काहीतरी धाडकन आपटलं, आणि मग लहान-मोठ्या बाटल्यांनी एकीमागून एक फरशी गाठली.

"बाबा?"



तेवढ्या क्षणात माझ्या डोळ्यांसमोर कोणते दावे आले ते सांगत नाही. दूध सोडून मी धावलो आणि दाराला खांदा दिला. दाढी करताना बाबा कडी लावत नसत, तरी ते उघडेना.

"लागलं नाही मला," आतून बाबांचा आवाज आला. "शिडी घसरलीय. थांबा, मी ती उच–"

पण माझा खांदा दुसऱ्यांदा बसला होता. आतून 'खट्ट' झालं.

"काय झालं, बाबा?"

"जावईबापू," बाबा शांतपणे म्हणाले, "आता ती अडकली."

त्यांनी परिस्थिती सांगितली ती अशी. शिडीचे पाय घसरत येऊन दाराच्या तळाशी टेकले होते. वरचं टोक समोरच्या भिंतीला होतं. मी ढकलेपर्यंत ती नुसती आडवी आली होती, कोणीही उचलून बाजूला ठेवली असती. माझ्या खांद्याने तिचं वरचं टोक टॉवेलच्या लोखंडी दांडीखाली घुसलं. आता दार ढकललं की शिडी दांडीत आणखी रुतणार, आणि दार तर आतच उघडणारं. बाबा बेसिनच्या कोपऱ्यात, शिडीच्या पलीकडे उभे होते. एका गालावर फेस, एक गाल झालेला.

हत्यारवाले काका तोवर आलेच होते. त्यांना वास येतो. त्यांनी परिस्थिती नीट ऐकून घेतली, "असं होय" म्हणाले आणि दाराला खांदा दिला.

"ढकलू नका," आतून बाबा म्हणाले.

"बिजागऱ्या काढू," काका म्हणाले.

"बिजागऱ्या आतल्या बाजूला आहेत," मी म्हणालो.

"हो की. मग दार फोडू."

दार फोडायचं म्हटल्यावर कोणीतरी सेक्रेटरींना बोलावलं. एव्हाना जिन्यात ज्या ज्या घंट्या काल वाजल्या होत्या त्या सगळ्या घरांची माणसं आमच्या बाहेरच्या खोलीत जमली होती. सेक्रेटरी चष्मा लावून आले. त्यांनी दार पाहिलं, चौकट पाहिली.

"दार तुमचं आहे," ते म्हणाले. "फोडायला हरकत नाही. पण चौकट इमारतीच्या बांधकामात येते. दार फोडताना चौकटीला धक्का लागता कामा नये."

"आत माणूस अडकलाय साहेब."

"त्यांच्याबद्दल मला पूर्ण सहानुभूती आहे. मी फक्त चौकटीबद्दल बोलतोय."

एवढ्यात माझा फोन वाजला. बायको.

"बाबांना दे जरा."

"बाबा दाढी करताहेत," मी म्हणालो. खोटं नव्हतं.

"मांडणी झाली?"

"झाली. सगळे बघायलाच आलेत."

"सगळे म्हणजे? एवढा आवाज कसला?"

"आवडलीय लोकांना," असं म्हणून मी फोन ठेवला. माझा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. संध्याकाळी ती येणार, बाबा तिला सांगणार, आणि त्याच बॅगेसकट गावी जाणार. कारण ज्या घरात माणसाला मांडणी मिळते आणि तीच मांडणी त्याला कोंडून घालते, तिथे कोण राहील? शिवाय त्यांचा रक्तदाब. आत हवा किती? फरशीवर शाम्पू सांडलेला, ते घसरले तर? मी दाराला कान लावला.

"बाबा, बसून घ्या. कमोडचं झाकण लावा आणि त्याच्यावर बसा. काही करू नका. आम्ही आहोत."



"बसतो आहेच," बाबा म्हणाले. मग थांबून, "वर्षभर बसलोच आहे."

बाहेर काकांनी तेवढ्यात जागा बदलून दुसरा खांदा आजमावायचं ठरवलं होतं. मीही नकळत हात लावला. दार करकरलं, दांडीचा एक स्क्रू तुटून कुठेतरी उडाल्याचा आवाज झाला, आणि आतून असा आवाज आला जो मी बाबांच्या तोंडून आजवर ऐकला नव्हता.

"अरे ढकलू नकोस म्हणतो ना, गाढवा! डोकं आहे का खोकं? एक करवत दे मला आत."

लग्न झाल्यापासून बाबांनी मला 'जावईबापू' आणि 'तुम्ही' याशिवाय हाक मारली नव्हती. सेक्रेटरींनी चष्मा काढला. काकांनी कोणाला उद्देशून होतं ते कळावं म्हणून माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "ओ बाबा, देतो."

दाराच्या वर काचेच्या पट्ट्यांचा झरोका आहे. मी स्टुलावर चढून एक पट्टी सरकवली, करवतीच्या मुठीला दोरी बांधली आणि आत सोडली. फटीतून मला बाबा दिसले. बनियन, खांद्यावर टॉवेल, गालावर वाळलेला फेस. त्यांनी करवत घेतली, अंगठ्याने पात्याची धार पाहिली आणि शिडीच्या एका पायाला लावली.

"ओल्या हाताने धरू नका म्हणावं," खालून काका म्हणाले.

ते लाकूड कडक होतं. बाबांना सवय नव्हती. करवत पहिल्यांदा नुसती नाचली, मग अडकली, मग वाकली. मी वरून "डावीकडे घ्या", "हळू", "बोट सांभाळा" असं सांगत होतो आणि प्रत्येक वेळी माझ्या डोळ्यांपुढे अंगठ्याचा दावा येत होता.

"तू गप्प बस जरा," बाबा म्हणाले. ते धापा टाकत होते, पण थांबत नव्हते. "तुझ्या सासूने कधी मला खिळा ठोकू दिला नाही. तुम्ही बसा, म्हणायची. मी गवंड्याला सांगते. मग ऑफिसात, साहेब तुम्ही बसा. आता तुम्ही दोघं. बसा बाबा, बसा बाबा." करवत पुन्हा अडकली. त्यांनी ती उपसून काढली. "ती होती तेव्हा निदान बसून भांडता तरी यायचं."

मी स्टुलावर उभा होतो आणि खाली पन्नास कान होते. "बाबा, पात्याला थोडा साबण लावा," मी म्हणालो. "म्हणजे अडकणार नाही."

त्यांनी वर पाहिलं. मग खाली पडलेली दाढीच्या साबणाची वाटी उचलली, पात्याला फेस लावला. करवत सुरळीत चालू लागली.

"हे बरं सांगितलंस," ते म्हणाले.

मधेच माझ्या बायकोचा पुन्हा फोन आला. "अजून दाढी?" तिने विचारलं. "आता दुसरा गाल," मी म्हणालो. करवतीचा आवाज तिला ऐकू गेला असणार. "बाबा इलेक्ट्रिक रेझर वापरायला लागले?" असं तिने विचारलं आणि मी "रेंज नाही" म्हणालो.

एक पाय तुटला. शिडी तिरपी झाली आणि मी ओरडणार तेवढ्यात बाबांनी तिला खांदा दिला. दुसरा पाय तुटायला आला तेव्हा स्वयंपाकघरातून जळलेल्या दुधाचा वास येऊ लागला होता, पण स्टुलावरून कोणी उतरायला तयार नव्हतं. म्हणजे मी. मग लाकूड कडकडलं, आत काहीतरी सुटलं, आणि दार सहज, जणू कधी अडलंच नव्हतं असं, हाताएवढं उघडलं. बाबा बाहेर आले. फेसात भुसा मिसळून त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर एक पांढरी-तपकिरी दाढी तयार झाली होती. जिन्यातल्या आजींनी टाळ्या वाजवल्या. बाकीच्यांनी त्यांच्यामागे वाजवल्या. सेक्रेटरींनी चौकटीवर बोट फिरवून पाहिलं आणि मग तेही वाजवू लागले.

मी बाबांच्या पाया पडायच्या बेतात होतो की रडायच्या, मला अजून नीट माहीत नाही. "बाबा, मला माफ करा," मी म्हणालो. "तुम्ही जरा ब–" आणि तो शब्द मी गिळला.

बाबा तुटक्या शिडीकडे पाहत होते. "मुळात ही एवढी उंच करायची काय गरज होती?" ते म्हणाले. "ह्याच्या दोन बुटक्या होतात. एक तू कर, एक मी करतो. काका, ते तुमचं रबर आणा."

दुपारभर आम्ही बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्रं पसरून बसलो होतो. बाबा मोजत, मी धरत होतो, मग मी मोजलं की बाबा "परत मोज" म्हणत. मधे त्यांचा फोन वाजला. घर मागणारं कुटुंब. बाबांनी फोन खांदा आणि कान यांच्यामध्ये धरला, कारण हातात हातोडा होता.

"हो, रविवार आहे, लक्षात आहे माझ्या," ते म्हणाले. "किल्ली शेजारी आहे, घेऊन टाका. ... नाही हो, मला यायला नाही जमणार. इथे काम निघालंय." मग फोन ठेवून मला म्हणाले, "तो खिळा तिरका जातोय तुझा."

मी खिळा उपटून पुन्हा ठोकला. तो पुन्हा तिरका गेला, कारण मला डोळ्यांपुढचं नीट दिसत नव्हतं. भुशामुळे असेल.

संध्याकाळी बायको आली. बॅग दारातच ठेवून थेट बाथरूमकडे गेली. दाराला तळाशी दोन खोल खळगे पडले होते, टॉवेलची दांडी एका बाजूने लोंबत होती, झरोक्याची एक पट्टी गायब होती, आणि बेसिनच्या दोन्ही बाजूंना, काळ्या रबरी पायांवर, दोन बुटक्या मांडण्या उभ्या होत्या. एकीवरचा 'ढ' घाईत समोर आला होता. आम्ही दोघं तिच्या मागे उभे होतो, सुट्टीनंतर वर्गाबाहेर उभं केल्यासारखे.

"हे कोणी केलं?" तिने विचारलं.

मी फरशीकडे पाहिलं.

"आम्ही," बाबा म्हणाले. "का, वाकडं आहे?"

"वाकडं आहे बाबा."

"आहे थोडं. पण ते त्याचं आहे ते जास्त वाकडं आहे. माझं कमी."

तिने शाम्पूची बाटली उचलून माझ्या मांडणीवरच्या फळीवर ठेवली. बाटली थोडा वेळ उभी राहिली, मग हळूहळू, कोणाला कळणार नाही अशा बेताने, कडेकडे सरकू लागली. आम्ही तिघंही पाहत होतो.

"थांबेल," मी म्हणालो.

ती थांबली नाही. बायकोने ती हवेतच झेलली.

"अरे, पेन्सिल आण," बाबा म्हणाले. ते गुडघे टेकून खाली बसले होते आणि एक डोळा मिटून फळीची पातळी पाहत होते. "आणि पट्टी पण. मघाशी कुठे ठेवलीस ती?"

मी स्वयंपाकघरात खण उचकत असताना बायको मागून आली.

"बाबा तुला 'अरे' कधीपासून म्हणायला लागले?" तिने दबक्या आवाजात विचारलं.

"सकाळपासून. एकदा गाढवही म्हणाले."

"काय सांगतोस. लोकांसमोर?"

"सगळ्या जिन्यासमोर."

"मग तू काय केलंस?"

"ओ दिली," मी म्हणालो, आणि पेन्सिल सापडली ती घेऊन धावलो, कारण आतून पुन्हा हाक आली होती.